आपल्या गावाचं कुठे छापून आलंय? विदर्भातल्या संशोधन-प्रकाशनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचं छोटं वाचनालय आहे. शाळेतले गुरुजी, पीएच.डी. करणारी पोरं, घरी पोथ्या सांभाळणारी महानुभाव कुटुंबं आणि वावरात काहीतरी सापडलं म्हणून फोन करणारे शेतकरी यांचे तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं येत राहतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान केलं. काही प्रश्न ज्याच्या त्याच्या बोलीतच ठेवले आहेत.

१. संशोधन-प्रकाशन म्हणजे नेमकं काय? गॅझेटियरही त्यातच येतं का?

गॅझेटियर हे राज्यकारभारासाठी केलेलं माहितीचं पुस्तक. त्यात सारा, पिकं, बाजार, रस्ते येतात आणि जाता जाता एखाद्या जुन्या देवळाचा उल्लेखही येतो. यवतमाळचं गॅझेटियर १९०८चं, अकोल्याचं १९१०चं, अमरावतीचं १९११चं. सुरुवात करायला ती फार चांगली आहेत. संशोधन-प्रकाशनात मात्र एकेका वस्तूच्या मुळाशी जातात. ताम्रपट असेल तर तो कुठे, कोणाकडे, कसा सापडला, पत्रे किती, वजन किती, ओळी किती, मूळ मजकूर काय, अर्थ काय, आणि शेवटी त्याच्या ठशाचं चित्र. हे सगळं छापलं की वाचणाऱ्याला लेखकाचं म्हणणं घरबसल्या तपासता येतं, त्याची चूकही दाखवता येते. कोरीव लेखांचे खंड, उत्खननाचे अहवाल, हस्तलिखितांच्या सूची, संपादित पोथ्या आणि संस्थांची वार्षिकं, एवढे प्रकार मुख्य.

२. विदर्भात या कामाची सुरुवात कधी झाली?

नागपुरात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी दगड, जीवाश्म आणि आदिवासींच्या भाषा यांच्या मागे गावोगाव फिरले. नागपूरच्या भूगर्भावरचे त्यांचे लेख १८५०च्या दशकात लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात छापून आले. १८६३ साली नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून गेले.

त्यांचे कागद वाया गेले नाहीत. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते लावून घेतले आणि १८६६ साली मध्यप्रांतातल्या आदिवासींवरचं पुस्तक म्हणून छापले. गोंडांच्या लिंगोची कथा प्रधान गायकाच्या तोंडून उतरवलेली, मूळ गोंडी शब्दांसकट, याच पुस्तकात आहे. तोवर ती फक्त गाणाऱ्यांच्या कंठात होती. मला विचाराल तर विदर्भातल्या संशोधन-प्रकाशनाचं पहिलं पान हेच.

३. अजब बंगल्यात आमच्या भागातली वस्तू ठेवली आहे. म्हणजे ती प्रसिद्ध झाली असंच ना?

नाही. अजब बंगला म्हणजे नागपूरचं हेच मध्यवर्ती संग्रहालय. संग्रहालयात वस्तू जाते तेव्हा तिला नोंदवहीत क्रमांक मिळतो, काचेमागे चिठ्ठी लागते. तेवढ्याने नागपूरबाहेरच्या अभ्यासकाला ती आहे हेही कळत नाही. तऱ्हाळ्याचं उदाहरण घ्या. मंगरूळपीर तालुक्यातल्या या गावी १९३९ साली सातवाहनांच्या पोटिनच्या (तांब्यात शिसं-कथिल मिसळलेल्या धातूच्या) नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. जुनी नाणी आणि कोरीव लेख यांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी नाणी एकेक करून वाचली आणि भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात त्यांचा लेख आला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही राजांची नावं त्या वाचनातून पुढे आली. पुराणांतल्या वंशावळीत ती नाहीत. नाणी नुसती डब्यात राहिली असती तर हे राजे आजही अनामिक असते. आमच्या घरापासून तऱ्हाळा फार लांब नाही, आणि तिथल्या पोरांना हे शाळेत कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

४. माझ्या गावाचं नाव जुन्या खंडांत कसं शोधू? कितीदा पाहिलं, मिळत नाही.

बहुतेक वेळा जिल्हा चुकतो. १९०५च्या आधी वऱ्हाडात एलिचपूर (अचलपूर) आणि बाशीम (वाशीम) हे वेगळे जिल्हे होते आणि यवतमाळ जिल्ह्याला वुण म्हणत. १९०५ साली एलिचपूर अमरावतीत आणि बाशीम अकोल्यात गेलं. वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. तसंच गडचिरोलीचं गाव १९८२च्या आधीच्या पुस्तकात चांद्याखाली (चंद्रपूरखाली) आणि गोंदियाचं गाव १९९९च्या आधी भंडाऱ्याखाली सापडेल.

दुसरी अडचण स्पेलिंगची. रिद्धपूर बहुतेक जागी रिठपूर म्हणून आहे. गावाचं नाव लोक बोलतात तसं रोमन अक्षरांत दोन-तीन प्रकारांनी लिहून सूचीत बघा.

कुठे बघायचं, ते सांगतो. हेन्री कझिन्स यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी १८९७ची. रायबहादूर हिरालाल यांची कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची १९१६ची, सुधारून काढलेली आवृत्ती १९३२ची. दोन्ही जिल्हावार आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या शोधांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वार्षिक आढावा पाहा, तो १९५३-५४ पासून निघतो. एवढं चाळूनही नाव मिळालं नाही तर गाव खरंच अजून छापलं गेलेलं नसावं. तसं असेल तर प्रश्न ११ वाचा.

५. चमकचा ताम्रपट आमच्या अचलपूर तालुक्यात सापडला. मग तो आधी मुंबई-कलकत्त्याकडे का छापला?

१८६८च्या सुमारास चमक गावी नांगरताना हे पत्रे निघाले. आपल्याकडे तेव्हा असा लेख छापणारं नियतकालिकच नव्हतं. इंडियन अँटिक्वेरी हे मासिक १८७२ साली सुरू झालं. त्यात ब्यूलर यांनी १८८३ साली हा लेख छापला आणि १८८८ साली कलकत्त्याहून निघालेल्या फ्लीट यांच्या कोरीव लेखांच्या खंडात तो पुन्हा आला. वावरातून पुस्तकात यायला त्याला पंधरा वर्षं लागली.

पण आत काय आहे ते बघा. विदर्भात राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातला राजा दुसरा प्रवरसेन भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव एक हजार ब्राह्मणांना देतो. चर्मांक म्हणजेच चमक. ज्या गावच्या मातीत ताम्रपट निघाला, त्याच गावचं नाव त्यावर कोरलेलं. असं नेहमी होत नाही (प्रश्न १५ पाहा).

६. विदर्भातल्या विदर्भात, आपल्याच लोकांनी छापायला कधी सुरुवात केली?

हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, म्हणून उत्तर जरा लांबेल.

कारंजा लाडच्या जैन मंदिरांत शेकडो वर्षं जपलेली हस्तलिखितं होती. रायबहादूर हिरालाल यांची संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपूरला छापली, तेव्हा कारंज्याच्या भांडारांत काय दडलं आहे ते बाहेरच्यांना कळलं. त्यानंतर कारंज्याच्याच नावाने ग्रंथमाला निघाली. १९३१ साली प. ल. वैद्य यांनी संपादिलेलं 'जसहरचरिउ' आलं. मग अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी 'सावयधम्मदोहा' १९३२ साली, 'पाहुडदोहा' १९३३ साली आणि 'करकंडचरिउ' १९३४ साली काढलं. (हे हिरालाल वेगळे आणि रायबहादूर वेगळे, ही गल्लत फार जण करतात.) हे सगळे ग्रंथ अपभ्रंश भाषेतले. प्राकृत आणि आपली आजची भाषा यांच्या मधली ती पायरी. ती कळायला जगभरच्या अभ्यासकांना एका वऱ्हाडी गावाच्या नावाने निघालेली पुस्तकं मागवावी लागली.

आमच्याकडे यातलं एक पुस्तक आहे. पान उघडलं की वर मूळ ओळी आणि खाली बारीक टायपात पाठभेद दिसतात. एका प्रतीत शब्द असा, दुसरीत तसा. त्या बारीक ओळींसाठी कोणीतरी दोन-दोन, तीन-तीन पोथ्या समोर पसरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं होतं, आणि मग छापखान्यात कोणीतरी ते एकेक खिळा उचलून जुळवलं होतं.

याच हिरालाल जैनांनी पुढे षट्खंडागम हा दिगंबर जैनांचा आगमग्रंथ धवला टीकेसह हाती घेतला. मूळ ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला होती, पण पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून निघाला. एकूण भाग सोळा.

यवतमाळला वकिली करणाऱ्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक काढलं. तिथल्या शारदाश्रमाने पोथ्या गोळा केल्या आणि स्वतःचं वार्षिकही चालवलं. नागपूरला विदर्भ संशोधन मंडळाने वार्षिक काढलं आणि मिराशींच्या लेखांचे 'संशोधन मुक्तावली'चे भाग छापले. यातला फार मोठा भाग मराठीत आहे, आणि म्हणूनच खेड्यातल्या मास्तरला तो वाचता येतो.

७. आमच्या वावराच्या धुऱ्याले मोठाले गोटे गोल मांडून हायेत. म्हातारे म्हनतेत गवळ्याइचे हायेत. याच्यावर काही छापलं हाये का?

हो, भरपूर. ती लोहयुगातली दफनं आहेत, सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. नागपूर जिल्ह्यात ती सगळ्यात दाट आहेत. काटोल रोडवरच्या जुनापाणीला तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. तिथल्या दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खुणांवर रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा (अहवाल १९७०) आणि माहुरझरी (अहवाल १९७३) खणलं. नैकुंडचा अहवाल १९८२चा, तिथे लोखंड गाळायची भट्टी निघाली. गोटे हलवू नका, बांधाला लावू नका. गोल मोडला की आत काही असलं तरी ते कुठल्या वर्तुळातलं हे सांगता येत नाही.

८. उत्खनन होऊन वर्षं लोटतात, अहवाल येत नाही. एवढा उशीर कशाला?

खणणं दोन-तीन हंगामांत होतं. त्यानंतर खापरं धुणं, त्यांवर क्रमांक टाकणं, चित्रं काढणं, हाडं आणि कोळसा प्रयोगशाळेत पाठवणं यात वर्षं जातात. अधिकारी बदलतो, निधी संपतो. टाकळघाटची वर्तुळं हिस्लॉपनी १८६३ साली पाहिली आणि तिथला शास्त्रीय अहवाल १९७० साली आला, हेही ध्यानात घ्या. उलट बाजूही सांगायला हवी. पौनारचं उत्खनन १९६७चं, अहवाल १९६८चा. पवनीचं १९६९-७०चं, अहवाल १९७२चा. मनावर घेतलं की होतं. गावकऱ्यांनी खणलेल्या जागेबद्दल अहवाल मागणं यात मला काहीच गैर वाटत नाही. ती जागा त्यांची आहे.

९. आमच्या घरी महानुभावांच्या पोथ्या आहेत, पण अक्षर वाचताच येत नाही. छापलेलं काही मिळेल का?

अक्षर देवनागरीसारखं दिसूनही शब्द लागत नसतील तर ती सकळ लिपी असेल. त्यात एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर लिहितात. पंथाबाहेरच्यांना ती किल्ली शेकडो वर्षं माहीत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती उलगडली आणि छपाईचा रस्ता मोकळा झाला. रिद्धपूरला म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास सिद्ध केलेलं लीळाचरित्र ह. ना. नेने यांनी नागपुराहून १९३६ पासून भागाभागांनी छापलं. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलच्या शेतकरी घरातून आलेले वि. भि. कोलते यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली काढली. तुमची पोथी छापील प्रतीसारखीच वाटली तरी टाकून देऊ नका. एकेका पोथीत एखादा शब्द, एखादी लीळा वेगळी निघते.

१०. मी लीळाचरित्रातली लीळा क्रमांक देऊन उद्धृत केली, परीक्षक म्हणाले क्रमांक चूक. असं कसं?

नेने आणि कोलते यांच्या आवृत्त्यांतले क्रमांक जुळत नाहीत, कारण त्यांच्यासमोरच्या पोथ्याच वेगळ्या होत्या. संपादक, साल, भाग (एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध) आणि मग क्रमांक, असं पूर्ण लिहा.

११. वावरात ताम्रपट, नाणी, मूर्ती असं काही सापडलं तर पयले काय कराव?

पहिलं काम म्हणजे काहीच करू नका. घासू नका. आमच्याच भागातल्या एका घरी मी चिंचेने आणि राखेने लख्ख केलेला एक पत्रा पाहिला आहे. घरच्या आजीने देवाची भांडी घासतात तशाच भक्तिभावाने घासला होता. कडेच्या दोन ओळी पार पुसट झाल्या होत्या. आजीला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, म्हणून हे इथे ठळकपणे लिहितो आहे.

मोबाइलवर फोटो काढा, एक तिरप्या उन्हात. कोणत्या वावरात, किती खोल, सोबत काय होतं, तारीख कोणती, हे त्याच दिवशी वहीत लिहा. १८७८च्या निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यावी लागते. तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत द्या आणि पोच घ्या. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांच्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांची मोलाची हस्तलिखितं येतात. ती परदेशी पाठवणं गुन्हा आहे.

शिलालेख असेल तर त्यावर खडू, तेल, रंग लावू नका. जाणकार त्याचा ठसा घेतात. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकतात, कागद अक्षरांच्या खाचांत उतरतो, मग वरून शाईची गादी फिरवतात. वाळल्यावर अक्षरं पांढरी आणि बाकी सगळं काळं. खंडांमध्ये छापतात ती चित्रं हीच.

१२. आम्ही वस्तू दाखवली तर आमचं नाव छापतील का? की सगळं श्रेय प्राध्यापकाचं?

कोरीव लेखावरच्या चांगल्या लेखाचा पहिला परिच्छेदच कुठे, कोणाकडे मिळालं याचा असतो. तुमचं नाव तिथे यायला हवं, आणि तसं आधीच सांगून ठेवावं. लाजू नये.

वाशीमचा ताम्रपट १९३९ साली असाच गावातल्या एका पंडितांकडे मिळाला. य. खु. देशपांडे आणि दा. बा. महाजन यांनी त्याच वर्षी भारतीय इतिहास परिषदेत तो मांडला, पुढे मिराशींनी त्याचं सविस्तर संपादन केलं. वत्सगुल्माची, म्हणजे आपल्या वाशीमची, वाकाटकांची वेगळी शाखा होती हे त्या पत्र्यांनी सिद्ध केलं. एवढ्यावर थांबलं नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखात सर्वसेन राजाचं नाव आधी लागलंच नव्हतं. वाशीमच्या पत्र्यांनी ते दिलं, आणि मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने वाचून ते जागेवर बसवलं. एका घरात जपलेल्या पत्र्यांमुळे अजिंठ्याच्या भिंतीवरची ओळ दुरुस्त झाली.

१३. मिराशींनी पौनार म्हणजे प्रवरपूर लिहिलं, आता सगळे मनसर म्हणतात. मग जुनी पुस्तकं रद्दीत घालायची का?

मुळीच नाही. वाकाटक ताम्रपटांतलं प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं पौनार, असं मिराशींनी हाती असलेल्या पुराव्यावरून मांडलं. रामटेकजवळ मनसरला १९९८ पासून उत्खनन झालं, तिथे विटांचं भव्य मंदिर आणि 'प्रवरेश्वरस्य' अशा मातीच्या मुद्रा मिळाल्या, आणि बऱ्याच अभ्यासकांचं मत मनसरकडे झुकलं. पण मनसरवर लिहिणारेही ताम्रपटांचे पाठ घेतात ते मिराशींच्या १९६३च्या वाकाटक खंडातून. अनुमान बदलतं, नीट छापलेला पुरावा उपयोगी पडत राहतो. विद्यार्थ्यांनी जुनं मत 'चूक' म्हणून मोकळं होऊ नये, ते का मांडलं गेलं होतं तेही लिहावं.

१४. जुनी पुस्तकं स्कॅन करून गावच्या ग्रुपवर टाकली तर चालेल का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. रायबहादूर हिरालाल १९३४ साली गेले, त्यांची सूची खुशाल वाटा. मिराशी १९८५ साली गेले, त्यांची स्वतःची पुस्तकं २०४५ सरेपर्यंत संरक्षित आहेत. सरकारने छापलेल्या ग्रंथांचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षांनी संपतो. म्हणून मिराशींचाच वाकाटक खंड २०२३ सरल्यावर मोकळा झाला. जुन्या पोथीचा मजकूर सर्वांचा, पण संपादकाची प्रस्तावना आणि टीपा त्याच्या.

आणि ग्रंथालयातलं पुस्तक स्कॅन करताना कणा मोडू नका, चित्रांची पानं तर कधीच कापू नका. एका ग्रंथालयातून मागवलेल्या खंडातले ठशांचे सगळे तक्ते ब्लेडने कापलेले निघाले होते. ज्या ताम्रपटासाठी मी तो मागवला, त्याचं फक्त नाव अनुक्रमणिकेत उरलं होतं.

१५. ज्या ताम्रपटात आमच्या हिंगणघाटचा उल्लेख आहे म्हणतात, त्याला 'पुणे ताम्रपट' का म्हणतात?

ताम्रपटाला नाव पडतं ते तो जिथे मिळाला किंवा ठेवला त्या जागेवरून. पत्रे हातोहात फिरतात. वारसांकडून, सावकाराकडून, मोडीत घेणाऱ्याकडून. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचे हे पत्रे अहमदनगरच्या एका तांबट घराण्याकडे होते आणि पुण्यात अभ्यासकांच्या हाती आले. एपिग्राफिया इंडिका या कोरीव लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या पंधराव्या खंडात ते पुण्याच्या नावाने छापले गेले आणि तेच नाव चिकटलं. आतला मजकूर मात्र आपल्याकडचा. राणी दान देते ते नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, आणि दिलेलं गाव दंगुण. दंगुण म्हणजे हिंगणघाट असं मिराशी मानत. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी वाकाटकांच्या घरी दिली होती हे याच पत्र्यांतून ठामपणे कळलं आणि वाकाटकांचा काळ ठरवता आला.

तेव्हा संदर्भ देताना 'पुणे ताम्रपट' असंच लिहा, नाव बदलू नका, नाहीतर दुसऱ्याला तो सापडणार नाही. पण पुढच्याच वाक्यात नंदिवर्धन आणि दंगुण लिहा. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे. ती मात्र तिच्या स्वतःच्या गावच्या नावानेच छापली गेली.